मारुती रोडवरचे दुकान: चालवायचे, भाड्याने द्यायचे की ऑनलाइन न्यायचे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. सांगलीत मारुती रोडवर वडिलांचे रेडिमेड कपड्यांचे दुकान आहे आणि जागा घरची आहे. पूर्वी वर्षाला ७० लाखांपर्यंत जाणारी विक्री आता ४८ लाखांवर आली आहे. दुकानात तीन नोकर, साधारण ३० लाखांचा माल आणि बँकेचे १५ लाखांचे सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरचे फिरते कर्ज) आहे. मोबाइल विकणारी एक साखळी कंपनी महिना ३५ हजार भाडे द्यायला तयार आहे. तुम्ही पुण्यात नोकरी करता. वडील म्हणतात, "ऑनलाइनने धंदा खाल्ला." जागा भाड्याने द्यावी की ॲमेझॉन-फ्लिपकार्टवर माल टाकावा, हे तुम्ही विचारले आहे.

मी करसल्लागार आहे. सांगली, मिरज, कोल्हापूर इथल्या पेठांमधल्या दुकानांचे हिशेब आणि जीएसटी हे माझे रोजचे काम, आणि हा प्रश्न दर दिवाळीनंतर कोणी ना कोणी घेऊन येतेच. दुकान बघितल्याशिवाय पक्के उत्तर देता येणार नाही. वडिलांचे वय, त्यांची इच्छा, तुमचा पुण्यातला पगार, जागेवर भावंडांचा हिस्सा आहे का, अशा बऱ्याच गोष्टींवर ते ठरेल. विचार कोणत्या क्रमाने करायचा, तेवढे मात्र नक्की सांगू शकते.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्याकडे दोन वेगवेगळ्या मिळकती आहेत, एक जागा आणि दुसरा धंदा. वर्षानुवर्षे दोन्हींचा गल्ला एकच असल्यामुळे कोण कमावते आणि कोण खाते हे दिसत नाही. घरच्या जागेत बसलेला दुकानदार स्वतःकडून भाडे घेत नाही, म्हणून धंदा नफ्यात आहे असे त्याला वाटत राहते. तेव्हा आधी कागदावर तरी धंद्याला भाडेकरू करा.

तुमच्याच आकड्यांवरून बघू. रेडिमेडमध्ये ढोबळ नफा २५ टक्के धरला तर ४८ लाखांवर १२ लाख. तीन नोकर, प्रत्येकी १३ हजार धरले तर वर्षाचे ४ लाख ६८ हजार. वीज, टेम्पो, पिशव्या, किरकोळ मिळून दीड लाख. सीसीवर ११ टक्क्यांनी १ लाख ६५ हजार व्याज. एकूण खर्च ७ लाख ८३ हजार, हातात राहिले ४ लाख १७ हजार. आणि कंपनी जे भाडे देऊ करते आहे ते वर्षाचे ४ लाख २० हजार. म्हणजे धंद्याने जेमतेम जागेचे भाडे दिले. वडील सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत काउंटरवर उभे राहतात, त्याची मजुरी शून्य. नफ्याचा टक्का आणि पगार मी अंदाजाने धरले आहेत, ते बदलून बघा. पण बहुतेक जुन्या दुकानांचा हिशेब याच आसपास येतो आणि घरात तो कोणी मांडलेला नसतो.

एवढ्यावरून लगेच भाड्याने देऊन टाका असे मी म्हणणार नाही. हे आकडे आजच्या स्थितीचे आहेत, आणि आजची स्थिती नेमकी कशामुळे आली हे अजून कोणी तपासलेले नाही. "ऑनलाइनने खाल्ला" हे अर्धे खरे असते.

ते तपासायचे असेल तर गेल्या सहा-सात वर्षांची महिनावार विक्री काढा. जीएसटी १ जुलै २०१७ पासून असल्यामुळे आकडे कुठेतरी आहेतच. तिमाही रिटर्न भरत असाल तर पोर्टलवर महिनावार विक्री नीट मिळणार नाही, ती टॅलीतून किंवा बिलांच्या सॉफ्टवेअरमधून काढा. मग वर्षे शेजारी शेजारी ठेवून कोणते महिने खचले ते बघा. दिवाळी आणि लग्नसराई टिकून आहे पण मधले साधे महिने ओस पडलेत, असे दिसले तर तो ऑनलाइनचा परिणाम आहे. अधूनमधून लागणारा टी-शर्ट, लेगिंग, बनियन लोक आता फोनवरून मागवतात. खेड्यातून येणारे गिऱ्हाईक ज्या महिन्यांत येते तेच महिने पडले असतील, तर उसाची बिले, हळद आणि बेदाण्याचे भाव बघा. आपल्या जिल्ह्यात कपड्याची खरेदी अजूनही त्या पैशावर चालते. शनिवार-रविवारची संध्याकाळ गेली असेल तर गिऱ्हाईक विश्रामबाग-मिरज रस्त्याकडे सरकले, कारण तिथे गाडी लावायला जागा मिळते. या तीन दुखण्यांवर औषधे तीन निराळी आहेत.

चौथे कारण सांगलीकरांना सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये पेठेत कृष्णेच्या पुराचे पाणी आले, मधे २०२० चे लॉकडाऊन झाले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी. तुमचे सीसी कोणत्या वर्षी किती होते ते पासबुकात बघा. २०१९ नंतर ते वाढत गेले असेल, तर ते पुराचे कर्ज आहे. भिजलेला माल गेला, त्याच्या जागी नवा माल उसनवारीने भरला, आणि व्याज अजून चालू आहे. हे व्याज ऑनलाइनच्या खात्यावर टाकून वडील स्वतःवर अन्याय करून घेतात. त्या दोन वर्षांत ज्यांनी दुकान पुन्हा उभे केले, त्यांनी धंदा नीट केला नाही असे मला कोणी सांगितले तर मी ऐकून घेणार नाही.

आता ऑनलाइनने नेमके काय नेले ते बघू. जी वस्तू सगळीकडे तंतोतंत सारखी, जिच्यावर किंमत छापलेली, जी हात न लावता घेता येते, ती आधी जाते. फ्लिपकार्ट २००७ मध्ये सुरू झाले ते पुस्तकांपासून, हे उगाच नव्हते. मुंबईत काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झाले, फोर्टमधले स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ मध्ये. दोन्हीकडची माणसे जाणकार होती, गिऱ्हाईक जीव लावणारे होते. पण सीडी किंवा पुस्तक कुठूनही घेतले तरी तेच असते. इंग्लंडमध्ये तिथल्या बहुतेक गावांच्या मुख्य रस्त्यावर दिसणारे वूलवर्थ्स २००८-०९ च्या हिवाळ्यात बंद पडले. खेळणी, गोळ्या-चॉकलेट, सीडी, मुलांचे कपडे असे सगळे थोडे थोडे तिथे मिळायचे, पण तिथेच जायला हवे असे काहीच नव्हते. तिथल्याच डेबेनहॅम्स या मोठ्या साखळीची दुकाने २०२१ मध्ये बंद झाली. ते नाव एका ऑनलाइन कंपनीने विकत घेतले, दुकाने मात्र घेतली नाहीत. मधल्या फळीतल्या "सगळे थोडे थोडे" दुकानाला सर्वांत आधी झळ लागते, हे तिथेही दिसले आणि आपल्या पेठांतही दिसते.

रेडिमेडमध्ये हा फरक एकाच दुकानात कपाटागणिक बदलतो. ब्रँडेड जीन्स हातात घेऊन गिऱ्हाईक समोरच फोनवर भाव बघते. शाळेचा गणवेश तसा नाही. जून उजाडला की आई मुलाला घेऊन येते, पँट दोन बोटे मोठी घ्यायची की नाही यावर चर्चा होते, बाही आखूड करून हवी असते, आणि सोमवारी शाळा असते. पोट सुटलेल्या साठीच्या माणसाचा शर्ट, जाड मुलीचा घागरा, लहान बाळाचे बारशाचे कपडे, हेही तसेच. आणि लग्नाचा बस्ता. बस्ता बांधायला दहा-बारा माणसे एका जीपमधून येतात, नवऱ्या मुलाच्या मामाला कोणता शर्टपीस आणि आहेराच्या टॉवेल-टोप्या किती हे तिथेच बसून ठरते, एकीला रंग पटला नाही की तीन थप्प्या पुन्हा उघडतात, आणि मधे चहा येतो. हे काम फोनवर होत नाही, कारण विकत घेणारा एक माणूस नसून अख्खे घर असते.

म्हणून माझा आग्रह असा की विक्रीला एकच आकडा मानू नका. बिलांमधून निदान चार ढीग करा: ब्रँडेड, रोजचे होजिअरी-अंडरगारमेंट, गणवेश आणि लहान मुले, लग्न-समारंभ. प्रत्येकात विक्री किती, नफा किती, माल किती अडकलाय. बहुतेक ठिकाणी असे दिसते की सर्वांत जास्त भांडवल त्याच ढिगात अडकले आहे जो ऑनलाइनने पळवला आहे, आणि ज्यात दुकानाचा हात कोणी धरू शकत नाही तिथे साइज अपुऱ्या आहेत.

इथे मी मुद्दाम थांबते, कारण तुमच्या प्रश्नात कुठेही न आलेली गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती म्हणजे ३० लाखांचा माल. तुमची विक्री खरेदीच्या भावाने ३६ लाखांची आहे. म्हणजे दुकानातला माल वर्षातून एकदाच, जेमतेम सव्वा वेळा, फिरतो. कपड्याच्या दुकानात हा आकडा फार वाईट आहे. पोटमाळ्यावर चढा. तिथे ३६ आणि ४६ च्या साइज उरलेले शर्ट सापडतील, ज्यांचे ३८, ४०, ४२ केव्हाच विकले गेले. फिक्या पडलेल्या खोक्यांत तीन दिवाळ्यांपूर्वीचे कुर्ते असतील. सेट तुटलेला माल कधी ना कधी जाईल म्हणून ठेवलेला असतो. तो जात नाही आणि त्याचे व्याज मात्र दर महिन्याला जाते.

हा माल ओळखायची साधी रीत सांगते. एका रविवारी दुकान बंद ठेवून दोन नोकरांना घ्या आणि प्रत्येक थप्पीवर खरेदीच्या वर्षाची चिठ्ठी लावा. दोन वर्षांपेक्षा जुने सगळे एका बाजूला काढा. वडिलांना ते बघताना त्रास होईल, कारण प्रत्येक थप्पी त्यांनी स्वतः मुंबईला, अहमदाबादला जाऊन निवडलेली आहे. त्यांच्याशी घाई करू नका. समजा असा १० लाखांचा माल निघाला. तो निम्म्या भावाने विकला तरी ५ लाख रोख येतात, आणि जे ५ लाख बुडाले ते खरे तर आधीच बुडालेले होते, वहीत लिहिले नव्हते इतकेच. उरलेला माल पुढच्या दोन सीझनमध्ये खरेदी आवळून कमी करा. १५ लाखांचे सीसी ५ लाखांवर आले तर वर्षाला १ लाख १० हजारांचे व्याज वाचते. ही बचत विक्री एक रुपयाने न वाढता होते.

यात दोन अडचणी येतात. बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावे लागते आणि माल कमी झाला की सीसीची मर्यादा खाली येते, म्हणून पुष्कळ दुकानदार जुना माल पूर्ण किमतीने दाखवत राहतात. ते करू नका, मर्यादा कमी होणे हेच आपल्याला हवे आहे. दुसरे, जुना माल वाटून टाकला किंवा फेकला तर त्यावर घेतलेले इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) परत करावे लागते. पुरात गेलेल्या मालालाही तोच नियम आहे, आणि २०१९ ला पुष्कळांना तो उशिरा कळला. त्यामुळे कमी भावाने का होईना, बिल करून विका. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांवर सरसकट ५ टक्के कर आहे, त्यामुळे तुमचा बहुतेक माल एकाच दरात बसेल.

माल कमी ठेवण्याला सांगलीत आणखी एक कारण आहे. दिवाळीची खरेदी आपण जुलै-ऑगस्टमध्ये करतो, आणि पाणी येते तेही जुलै-ऑगस्टमध्येच. दुकान वर्षात सर्वांत भरलेले असते तेव्हाच धोका सर्वांत मोठा असतो. एकदम लॉट उचलण्याऐवजी सप्टेंबरनंतर दोन-तीन हप्त्यांत माल घ्या. इचलकरंजी जवळ आहे, सोलापूरहून गणवेशाचा माल दोन दिवसांत येतो. भाव चार-पाच रुपये जास्त पडेल, पडू द्या.

इथपर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर जागेचा हिशेब वेगळा, विक्री कोणत्या महिन्यात आणि कोणत्या कपाटात पडली ते बघायचे, आणि जुना माल मोकळा करायचा. एवढे झाल्यावर ऑनलाइनचा प्रश्न येतो.

ॲमेझॉन-फ्लिपकार्टवर माल टाकणे म्हणजे दुकानाला दुसरे शटर उघडणे नाही, तो पूर्ण वेगळा धंदा आहे. ७९९ रुपयांचा कुर्ता घ्या, तुमची खरेदी ४५० ची. पाच पार्सले पाठवली, एक परत आले. कपड्यांत एवढेच परत आले तर मी ते चांगले मानते. चार कुर्त्यांचे ३,१९६ आले, त्यातून १५२ रुपये जीएसटी, खरेदी १,८००, उरले १,२४४. आता प्लॅटफॉर्मची फी आणि पाठवणी कुर्त्यामागे १५० धरा, म्हणजे ६००. परत आलेल्याची पाठवणी १५०. पॅकिंग पाच पिशव्यांचे ७५. वर दिसण्यासाठी जाहिरात द्यावीच लागते, ती २५०. उरले १६९, म्हणजे कुर्त्यामागे ४२ रुपये. परत आलेला कुर्ता डाग पडून आला तर तेही गेले. फी वर्गाप्रमाणे आणि वजनाप्रमाणे बदलते. मीशोने २०२१ मध्ये कमिशन शून्यावर आणले, तेव्हा बऱ्याच जणांना वाटले की आता सगळे फुकट. पण पाठवणी, परत येणारा माल आणि जाहिरात हे खर्च कुठे जात नाहीत. आणि समोर सुरतचा कारखानदार स्वतः विकायला बसलेला असतो, ज्याची खरेदीच तुमच्या निम्मी आहे. दुसऱ्याचा माल घेऊन विकणाऱ्या पेठेतल्या दुकानाने तिथे टिकणे फार अवघड आहे. स्वतःचे काही बनवत असाल, म्हणजे स्वतःच्या शिवणीचे गणवेश किंवा खण-इरकलीचे लहान मुलांचे कपडे, तर गोष्ट वेगळी. तुम्ही कंपोझिशनमध्ये (लहान व्यापाऱ्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत) असाल तर राज्याबाहेर विकता येत नाही, हेही आधी बघा.

त्याऐवजी फोनचा उपयोग जुने गिऱ्हाईक धरून ठेवायला करा. गूगल मॅपवर दुकानाची वेळ, सुट्टीचा वार आणि चालू नंबर बरोबर टाका. पेठेत गाडी लावायची कटकट असते, म्हणून लोक घरूनच दुकान उघडे आहे का बघून निघतात. बिल करताना नंबर घ्या आणि व्हॉट्सॲपवर गणवेशाच्या साइज, नव्या मालाचे फोटो पाठवा. जूनमध्ये "पाचवीचा सेट, साइज ३०, बाजूला ठेवा" असा निरोप आला आणि ती आई येऊन पाच मिनिटांत घेऊन गेली, तर ती पुढच्या वर्षीही येते. नोकरांपैकी कोणाला शिलाई येत असेल तर दुकानातच मशीन ठेवा. "अर्ध्या तासात आखूड करून देतो" हे कुठलेही ॲप देऊ शकत नाही.

आता भाड्याचे. सहा महिने वरचे सगळे करूनही धंदा भाड्याइतकेच देत असेल आणि वडील थकले असतील, तर जागा देण्यात काहीही कमीपणा नाही. पण कंपनीच्या कराराचा मसुदा वकिलाकडून वाचून घ्या. लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ करार न मोडण्याची अट, बहुतेक वेळा फक्त मालकाला बांधते आणि कंपनी दोन-तीन महिन्यांच्या नोटिशीवर निघून जाऊ शकते. मोबाइलची दुकानेही आज ऑनलाइनशीच झगडत आहेत, त्यामुळे दोन वर्षांत रिकामी जागा हातात येणे अशक्य नाही. निदान १८ ते २४ महिने लॉक-इन कंपनीलाही लागू हवे, आणि तुम्ही मोडलेले फर्निचर पुन्हा करण्याइतकी अनामत हवी. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी जागामालकावर आहे, हे ध्यानात ठेवा. जागा रुंद असेल तर अर्धी देऊन अर्ध्यात फक्त गणवेश आणि लहान मुलांचे कपडे ठेवता येतात. मला स्वतःला हा मार्ग आवडतो, कारण त्यात वडिलांची बसायची जागा राहते आणि भाड्याचा आधारही मिळतो. वीज मीटर, शटर आणि जिना वेगळा करता येतो का, यावर ते ठरेल.

पेठेबद्दल एक सांगते. कापडाच्या दुकानामुळे मॅचिंग सेंटर चालते, मॅचिंगमुळे शिंपी, शिंप्यामुळे बांगड्यांचा गाळा. एकापाठोपाठ एक जागा मोबाइल आणि एटीएमला गेल्या की बस्त्याला आलेली जीप तिथे थांबायचे कारण कमी होते. हे ओझे एकट्या तुमच्या घराने उचलावे असे मी म्हणणार नाही. पण शेजारच्या दोन-तीन दुकानदारांशी बोला, गणवेश-बस्त्यासाठी एकमेकांकडे गिऱ्हाईक पाठवा.

आणि तीन नोकर. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानाला ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होत नाही, म्हणून कायद्याने तुम्ही मोकळे आहात. ज्याने पूर आल्यावर तुमचा माल डोक्यावरून वर चढवला, त्याला तेवढ्यावर मोकळे करू नका. दुकान बंद करायचे ठरले तर सेवेच्या वर्षांप्रमाणे रक्कम आधीच बाजूला काढा आणि त्यांना निदान तीन महिने आधी सांगा.

वेळेबद्दल शेवटचे. कंपनी घाई करते आहे म्हणून दिवाळीआधी दुकान रिकामे करू नका. जुना माल चांगल्या भावाने निघायची संधी दिवाळी आणि त्यानंतरच्या लग्नसराईतच असते, आडदिवसात तोच माल लॉटवाला किलोच्या भावाने मागतो. कंपनीला फेब्रुवारीनंतरची तारीख द्या. तोवर महिनावार विक्री, चार ढिगांचा हिशेब आणि चिठ्ठ्या लावल्यावर निघालेला जुन्या मालाचा आकडा पाठवलात, तर पुढचे आकड्यांवर बोलता येईल.